९९ रुपयांच्या वर्गणीची हिशेबपट्टी कोण दाखवणार?

आर्वीकडचा

मंडळी, बरेच दिवस हा हिशेब डोक्यात घोळून राहिला आहे. आज मांडतोच.

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही तिघं मित्र एक अभ्यासिका चालवतो. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत तीस खुर्च्या, एक इन्व्हर्टर, वर्तमानपत्रं. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक असे अर्ज भरणारी मुलं-मुली येतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही सराव प्रश्नसंचांचं एक ॲप केलं. प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण मराठीतून, आणि नेट नसलं तरी उघडेल असं, कारण आमच्याकडे दुपारी लाइन गेली की थोड्या वेळात टॉवरही जातो. महिन्याची वर्गणी ९९ रुपये. आज आष्टी, कारंजा, देवळीपासून मुलं जोडली गेली आहेत, साधारण २४० जण पैसे भरून वापरतात.

२४० गुणिले ९९ म्हणजे २३,७६० रुपये. यातले १५ टक्के, म्हणजे ३,५६४ रुपये, प्ले स्टोअरसारख्या ज्या दुकानातून ॲप उतरवलं जातं ते दुकान ठेवून घेतं. कर मी यात धरलेला नाही, फक्त दुकानाचा वाटा सांगतोय. एका मुलामागे १४ रुपये ८५ पैसे. रक्कम छोटी वाटेल, पण ३,५६४ रुपयांत अभ्यासिकेचं वीजबिल आणि महिन्याची वर्तमानपत्रं निघतात. आणि ९९ रुपये आमच्या मुलांसाठी छोटे नाहीत. आमच्याकडे निंदणाला गेलेल्या बाईच्या जवळपास अर्ध्या दिवसाच्या मजुरीचा हा पैसा आहे. पुष्कळ मुलांची वर्गणी त्यांच्या आईच्या मजुरीतून येते, हे मला माहीत आहे, कारण ती मुलं माझ्यासमोर बसतात.

मला खरं टोचतं ते दुसरंच. चौकातल्या पानठेल्यावर मुलगा दहा रुपये यूपीआयनं देतो तेव्हा ठेलेवाल्याच्या हातात पूर्ण दहा पडतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही. तोच मुलगा, तोच फोन, तेच बँकखातं, तेच यूपीआय, पण पैसे ॲपच्या आत दिले की शंभरातले पंधरा मधेच थांबतात. आणि हे त्या मुलाला कुठेच दिसत नाही. त्याच्या पावतीवर फक्त ९९ असतात.

आता आम्ही विचार करून राहिलो की वर्गणी दुकानाच्या बाहेर काढावी आणि आपलं स्वतःचं यूपीआय ऑटोपे लावावं. दर महिन्याला आपोआप कटेल, वाचलेल्या पैशातून वर्गणी ८५ करू. कोणी केलं आहे का? वापरणाऱ्यांनीही लिहा, तुमचा अनुभव काय?

---

संत्राबाग

भाऊ, तुमचं वाचलं अन् मले आमची पट्टी आठोली. वरुडले संत्र्याची गाडी घेऊन गेलो का पट्टीवर हमाली येगळी, तोलाई येगळी, अडत येगळी लिहून ये. पैसे कमी भेटले तरी कोनं किती घेतले हे डोळ्यानं दिसे. भांडाले तरी ये. तुमच्या ह्या दुकानात पट्टीच नाई म्हन्ता, मंग मानूस भांडन कोनाशी?

एक इचारतो. मी फवारनीचं औषध अन् ठिबकचं सामान फोनवरूनच मागवतो. त्याच्यातबी हे पंधरा टक्के जातात का?

---

पुण्यातला वऱ्हाडी

@संत्राबाग काका, नाही जात. औषध, सामान, एसटीचं तिकीट, रिचार्ज, हॉटेलातलं जेवण, म्हणजे फोनच्या बाहेर मिळणारी वस्तू किंवा सेवा असेल तर दुकानाचं कमिशन लागत नाही. फोनच्या आत वापरायची गोष्ट असेल तरच लागतं: अभ्यासाचा कोर्स, गाणी, सिनेमे, खेळातली नाणी. म्हणून हजारोंचं सामान विकणारं ॲप काही देत नाही आणि आर्वीकडच्या दादाचे ९९ रुपयांचे प्रश्नसंच १५ टक्के देतात.

दादा, मी मूळचा पुलगावचा, सात-आठ वर्षं पुण्यात ॲप बनवायचंच काम करतो. दोन्ही बाजू सांगतो, कारण मी दोन्हीकडून पोळलो आहे.

आधी हा आकडा कुठून आला ते. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये सुरू झालं तेव्हापासून ३० टक्के हा दर बसला आणि गूगलनंही तोच धरला. २०१६ मध्ये ॲपलनं वर्गणीपुरतं ठरवलं की ग्राहक एक वर्ष टिकला तर पुढे १५ टक्के. १ जानेवारी २०२१ पासून वर्षाला दहा लाख डॉलरच्या आत कमाई असलेल्या छोट्या बनवणाऱ्यांना ॲपलनं १५ टक्के केले. त्याच वर्षी १ जुलैपासून गूगलनं प्रत्येकाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के केले, आणि १ जानेवारी २०२२ पासून सगळ्या वर्गण्यांना पहिल्या दिवसापासून १५. म्हणजे २०२१ च्या आधी तुमच्या त्याच २३,७६० मधून ७,१२८ गेले असते. दर खाली आले ते जगभरच्या बनवणाऱ्यांची ओरड, खटले आणि चौकश्या सुरू झाल्यावर, हे विसरू नका. आपोआप कोणी सोडलेले नाहीत.

भारतात काय झालं: २५ ऑक्टोबर २०२२ ला स्पर्धा आयोगानं प्ले स्टोअरच्या बिलिंगच्या सक्तीबद्दल (ॲपमधले पैसे गूगलच्याच यंत्रणेतून घ्यायचे) गूगलला ९३६.४४ कोटींचा दंड केला. बाहेरची पैसे घेण्याची पद्धत वापरू द्या आणि बनवणाऱ्याला आपल्या ग्राहकाशी बोलण्यापासून अडवू नका, असंही सांगितलं. मार्च २०२५ मध्ये अपील न्यायाधिकरणानं दंड २१६.६९ कोटींवर आणला. पुढची लढाई सर्वोच्च न्यायालयात गेली. गूगलनं पर्यायी बिलिंग दिलं, पण त्यात फक्त ४ टक्के सूट. १५ चे ११ होतात. वर तुम्हाला स्वतःचं पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी यंत्रणा, लावावं लागतं, ते दोनेक टक्के घेतं. उरतात दोन. दोन टक्क्यांसाठी दुप्पट हिशेब आणि दुप्पट डोकेदुखी. आमच्या कंपनीनं करून पाहिलं आणि सोडून दिलं.

आता दुकानाची बाजू. गेटवे आमचं स्वतःचं होतं तेव्हा रात्री अकरा वाजता फोन यायचे, पैसे कटले पण कोर्स उघडत नाही. परतावा आम्ही द्यायचा, बँकेशी आम्ही भांडायचं, बनावट पेमेंटचे स्क्रीनशॉट आम्ही तपासायचे. दुकान हे सगळं करतं, वर ॲप तपासतं, अपडेट लाखो फोनवर पोचवतं. सुरुवातीला एकदाच २५ डॉलर भरून गूगलकडे खातं उघडता येतं, ॲपलकडे दर वर्षी ९९ डॉलर. फुकट ॲप ठेवणारे वर कमिशन देत नाहीत, त्यांचाही खर्च कुठूनतरी निघतो. तेव्हा शून्य टक्के मागणं मला पटत नाही. पण १५ बरोबर की ५, हे ठरवायला पर्यायी दुकान तगडं लागतं. ते नाही, आणि दुखणं तिथेच आहे.

---

पांढरं सोनं

दुकानाची बाजू इतकी घ्यायची गरज नव्हती भाऊ. १ मार्च २०२४ आठवतं का? गूगलनं दहा भारतीय कंपन्यांची ॲप्स एका दिवसात दुकानातून काढली. लग्न जुळवणारी, नोकरी शोधणारी, गोष्टी ऐकवणारी. कारण शुल्काचा वाद. केंद्रीय मंत्र्यांनी बैठक घेतली तेव्हा काही दिवसांत परत आली. त्या मोठ्या कंपन्या होत्या, त्यांच्यासाठी मंत्री बोलले. आर्वीकडच्या अभ्यासिकेचं ॲप उद्या काढलं तर कोण बैठक बोलावणार आहे?

---

पुण्यातला वऱ्हाडी

@पांढरं सोनं, हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

कोतवालाची मुलगी

मी दादांच्याच अभ्यासिकेतली. ॲप वापरते. दादा, खरं सांगू का, त्या ९९ मधले १५ दुकानाला जातात हे मला आज कळलं. आम्हाला वाटायचं सगळे तुमच्याकडे येतात. आम्ही आपसात बोलायचो पण, की दादा एवढे पैसे घेतात तर अजून दोन पंखे का लावत नाहीत.

---

आर्वीकडचा

ताई, हे तू तोंडावर विचारलं असतं तरी चाललं असतं. पण बघा मंडळी, मी म्हणत होतो ते हेच. पट्टी दिसत नसली की संशय जवळच्या माणसावर जातो. दूरच्या दुकानदाराचा चेहराच कोणाला माहीत नाही.

---

सेवाकेंद्रवाली

दादा, तुमचा राग समजला, पण स्वतःचं ऑटोपे लावायच्या आधी माझं ऐकून घ्या.

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, हे माझं काम. पण गेल्या दीड वर्षात लोक सगळ्यात जास्त एकच गोष्ट घेऊन येतात: "ताई, खात्यातून पैसे कटले, कशाचे पाहा बरं." मंगळवारी बाजार असतो, त्या दिवशी तर चार-पाच जण हमखास.

परवा एक आजोबा आले. वय सत्तरच्या वर, श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे पैसे येणारं खातं. तीन महिने १९९ रुपये कटले. नातवानं फोनवर एक भविष्य सांगणारं ॲप टाकलं होतं, "१ रुपयात ७ दिवस" असं दिसलं म्हणून एक रुपया भरला. एक रुपया भरताना जो पिन टाकला, त्याच पिननं दर महिन्याच्या १९९ ची परवानगीही गेली. स्क्रीनवर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, इंग्रजीत. नातवानं दुसऱ्याच दिवशी ॲप फोनमधून उडवलं आणि सगळ्यांना वाटलं विषय संपला. ॲप उडवल्यानं वर्गणी बंद होत नाही. हे वाक्य मी केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं आहे.

नियम तसे आहेत. रिझर्व्ह बँकेची चौकट १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: आपोआप पैसे कटायच्या किमान २४ तास आधी सूचना आलीच पाहिजे. १५,००० रुपयांपर्यंतची कपात एकदा परवानगी दिली की पुढे ओटीपीशिवाय होते, म्हणून ती सूचनाच तेवढी आपली राखण. पण आजोबांच्या खात्याला नंबर जोडलेला आहे मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत. संदेश त्याच्याकडे गेला, इंग्रजीत, जाहिरातींच्या ढिगात. राखण करणारा चाकणला आणि वावर इथे.

आता ऐकून आश्चर्य वाटेल, पण वर्गणी ॲपच्या दुकानातून घेतलेली असली की माझं काम सोपं असतं. प्ले स्टोअर उघडायचं, वर कोपऱ्यातल्या आपल्या गोल चित्रावर बोट ठेवायचं, पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, त्यात सबस्क्रिप्शन्स. सगळ्या वर्गण्या एका यादीत. दोन मिनिटांत बंद. नवीन खरेदी असेल, ४८ तासांच्या आत असेल, तर परताव्याची मागणीही तिथूनच टाकता येते.

ज्यांनी दुकानाच्या बाहेर स्वतःचं ऑटोपे लावलं आहे ते त्या यादीत दिसतच नाहीत. मग यूपीआयच्या ॲपमध्ये जाऊन ऑटोपे किंवा मँडेट, म्हणजे आपोआप कपातीची परवानगी, शोधायचं. प्रत्येक ॲपमध्ये ते वेगळ्या जागी लपलेलं. पुष्कळांकडे दोन-दोन यूपीआय ॲप, कोणत्यातून परवानगी दिली ते आठवत नाही. आजोबांचं मला तिसऱ्या प्रयत्नात सापडलं. परवानगी रद्द झाली, पण गेलेले ५९७ रुपये गेले. कंपनीच्या नावाचा फोन नंबर लागत नाही. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून दिली आहे. केंद्र सरकारनं ३० नोव्हेंबर २०२३ ला ज्या १३ फसव्या पद्धतींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात वर्गणीचा सापळा नावानिशी आहे, ते तक्रारीत लिहिलं.

दादा, तुम्ही फसवणारे नाही हे मला माहीत आहे. पण तुमचं ऑटोपेही त्याच जागी जाऊन बसेल जिथे आजोबांचं बसलं होतं. भरती संपली, मुलगा दुसरीकडे गेला, फोन बदलला, आणि त्याच्या आईच्या खात्यातून ८५ कटत राहिले, तर ती माझ्याकडे येईल. मग मी तुमचं नाव वाचून दाखवू का?

---

संत्राबाग

ताई, बराबर बोलल्या. मायाबी खात्यातून हवामानाच्या ॲपचे कटून राहिले का काय, आजच पायतो.

---

आर्वीकडचा

ताई, हे वाचून दिवसभर काही लिहिलं नाही. दोनदा वाचलं.

मी फक्त माझ्या गल्ल्यातून बघत होतो. १४ रुपये ८५ पैसे कुठे गेले, एवढंच. तुमचे आजोबा माझ्या हिशेबात नव्हतेच. आमच्याकडेही बघितलं, तर २४० पैकी ३१ मुलांनी गेल्या दोन महिन्यांत एकही प्रश्नसंच उघडलेला नाही आणि तरी पैसे येऊन राहिले. त्यातल्या दोघांना मी ओळखतो. एक जण भरतीत लागून नागपूरला प्रशिक्षणाला गेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "दादा, ते बंद नाही झालं का? मी तर ॲप काढून टाकलं."

हे पैसे मला नको आहेत.

---

पुण्यातला वऱ्हाडी

दादा, या ३१ जणांमुळेच सगळा धंदा वर्गणीकडे वळला आहे. विसरलेल्या माणसाकडून येणारा पैसा. मोठ्या बैठकांमध्ये याला चांगली नावं असतात, मी तिथे बसलेलो आहे. दुकानालाही त्यातून १५ टक्के मिळतात, म्हणून "बंद करा" कोणी फारसं आठवून देत नाही.

एक सुचवू? वर्गणीच काढून टाका. एकरकमी पास विका. तीन महिन्यांचा, मुदत संपली की आपोआप बंद. पुन्हा हवा तर पुन्हा घ्या.

---

कोतवालाची मुलगी

एसटीच्या पाससारखा. आमचा पास महिनाअखेरीला संपतो, मग आम्ही रांगेत लागून नवीन काढतो. महामंडळ काही खात्यातून काढून घेत नाही. आम्हाला तसंच पाहिजे. आणि पोलीस भरतीवाल्याला वर्षभर लागतही नाही, जाहिरात आली की तीन-चार महिनेच तोंड वर न काढता अभ्यास असतो.

---

पांढरं सोनं

+१. आणि अभ्यासिकेतच रोख किंवा यूपीआयनं पैसे घेऊन पास दिला तर? मधे कोणीच नाही.

---

पुण्यातला वऱ्हाडी

चालेल. बाहेर घेतलेली गोष्ट ॲपमध्ये फक्त लॉगिन करून वापरायची, याला परवानगी असते. सिनेमे दाखवणारी एक मोठी कंपनी हेच करते, २०१८ पासून ती आयफोनच्या ॲपमध्ये नव्या ग्राहकाकडून पैसेच घेत नाही. फक्त ॲपच्या आत "बाहेर स्वस्त मिळतं" असं लिहिण्याआधी दुकानाचे त्या दिवसाचे नियम वाचा, ते बदलत असतात. अभ्यासिकेच्या भिंतीवर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

दोन ठिकाणी दोन भाव ठेवण्यात लाजण्यासारखं काही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरनं भारतात निळ्या खुणेची वर्गणी सुरू केली तेव्हा वेबसाइटवर महिन्याला ६५० आणि मोबाइल ॲपमध्ये ९०० रुपये होते. एकच खूण, २५० चा फरक. ज्यानं वेबसाइट उघडून पाहिलीच नाही त्यानं ९०० भरले. आपल्या गावात वेबसाइट उघडून पाहणारे किती असतील? फोन म्हणजे ॲप, एवढंच माहीत. त्यामुळे दुकानाचं कमिशन शेवटी सगळ्यात जास्त त्याच्याच खिशातून जातं ज्याला दुसरा रस्ता माहीत नाही.

---

सेवाकेंद्रवाली

गावाबाहेरच्या मुलांचं काय पण? आष्टीची मुलगी पास घ्यायला आर्वीकडे कशी येईल? तिला दुकानातूनच घ्यावं लागेल आणि जास्त द्यावे लागतील. ते बरोबर वाटत नाही.

---

आर्वीकडचा

ताई, यावर आम्ही तिघांचं दोन दिवस भांडण झालं. एक मित्र म्हणत होता, बाहेरचा भाव कमी ठेवू, दुकानातला तसाच. दुसरा म्हणाला, मग आष्टीच्या मुलीला दूर राहते म्हणून दंड का? शेवटी ठरलं ते असं. तीन महिन्यांचा पास दोन्हीकडे २५५ रुपये, म्हणजे महिन्याला ८५. दुकानातून घेतला तर आमच्या हातात २१६ रुपये ७५ पैसे येतील, तोटा आम्ही सोसू. अभ्यासिकेत घेतला तर पूर्ण २५५. आणि अभ्यासिकेच्या फळ्यावर व आमच्या वेबसाइटवर हे दोन्ही आकडे लिहून ठेवायचे. संत्राबाग काका, ही आमची पट्टी.

---

संत्राबाग

जमलं भाऊ. (हवामानाच्या ॲपचे खरंच कटून राहिले होते, ४९ महिन्याचे. पोरानं बंद करून देल्ले. तो म्हने अंदाज बरा होता, पन् मले सांगतलं असतं तं मी इचार करूनच घेतलं असतं.)

---

आर्वीकडचा

दीड महिन्यानंतर लिहितोय, कोणी विचारायच्या आधीच.

जुनी महिन्याची वर्गणी पूर्ण बंद केली. ज्या ३१ मुलांनी उघडलं नव्हतं त्यांना एकेकाला फोन केले. २२ जण सापडले, त्यांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे परत केले. दुकानाचा वाटा आम्हाला परत मिळाला नाही, तो आमच्या पदरचा गेला. नऊ जणांचे नंबर लागत नाहीत. त्यांचे पैसे वहीत वेगळे लिहून ठेवले आहेत.

पास १६३ जणांनी घेतला. २४० चे १६३ झाले, म्हणजे धक्का बसलाच. यातले ९४ अभ्यासिकेत येऊन, बाकीचे दुकानातून. मिळकत आधीपेक्षा बरीच कमी आहे आणि या महिन्यात इन्व्हर्टरची बॅटरी बदलायची राहिली. पण फळ्यावर आकडे लिहिल्यापासून मुलं विचारायला लागली आहेत. काल एका मुलानं विचारलं, "दादा, दुकानाच्या ३८ रुपये २५ पैशांत दुकान नेमकं काय करतं?" मी त्याला पुण्यातल्या वऱ्हाड्यानं सांगितलेलं सगळं सांगितलं, परताव्यापासून तपासणीपर्यंत. तो म्हणाला, मग थोडे घ्यायला पाहिजेत, पण एवढे का? मी म्हटलं, हेच दिल्लीत चालू आहे.

सेवाकेंद्रवाल्या ताई, आजोबांच्या ५९७ रुपयांचं काय झालं?

---

सेवाकेंद्रवाली

१९९ आले परत, शेवटच्या महिन्याचे. बाकी ३९८ ची तक्रार अजून उघडी आहे, मी दर आठवड्याला क्रमांक टाकून बघते. बँकेत जाऊन संदेशाचा नंबर मुलाचा काढून आजोबांचाच टाकला. संदेश आला की ते फोन घेऊन केंद्रात येतात आणि मी वाचून दाखवते.

तुमचे ते नऊ जण, त्यांची नावं-गावं मला पाठवा. मंगळवारच्या बाजाराला सगळ्या गावांतली माणसं येतात, कोणी ना कोणी ओळखीचं निघेलच.